मदत हवी आहे : टेक्सासमधला 'क्लास ए मिस्डेमीनर' – फेलनी नाही, म्हणून निर्धास्त राहावे का?

माझा भाचा एच-१बी व्हिसावर टेक्सासमध्ये नोकरी करतो. तिथे जाऊन त्याला अजून पाच वर्षे झालेली नाहीत. ग्राहकाने स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरायचे असतात अशा एका दुकानात, काही वस्तू स्कॅन न करताच पिशवीत भरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. कागदपत्रांत वस्तूंची किंमत ७८० डॉलर दाखवली असून आरोप 'क्लास ए मिस्डेमीनर' असा नोंदवला आहे (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, मिस्डेमीनर त्याहून सौम्य). त्याच्या हातून खरोखर काय घडले, याचा निवाडा मी इथे मागत नाही. मला त्या वर्गीकरणाचा अर्थ समजून घ्यायचा आहे.

मी वाचले त्यानुसार टेक्सासमध्ये चोरीच्या गुन्ह्याचा वर्ग प्रामुख्याने मालाच्या किमतीवरून ठरतो. १०० डॉलरच्या आत असेल तर केवळ दंड, १०० ते ७५० पर्यंत क्लास बी म्हणजे जास्तीत जास्त १८० दिवस कैद, ७५० ते २,५०० पर्यंत क्लास ए म्हणजे जास्तीत जास्त एक वर्ष, आणि त्यापुढे फेलनी सुरू होते. याचा अर्थ भाच्यावरचा आरोप फेलनीच्या बराच अलीकडे आहे. घरात सगळे म्हणतात की हा आपल्याकडच्या अदखलपात्र गुन्ह्यासारखा किरकोळ प्रकार आहे. त्याच्या वकिलानेही 'डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन' स्वीकारण्याचा सल्ला दिला आहे : गुन्हा कबूल करायचा, न्यायालय दोषी ठरवण्याचे लांबणीवर टाकते, देखरेखीचा काळ नीट पार पडला की खटला रद्द होतो. हे ऐकायला इतके सोयीचे आहे की मला धास्ती वाटते. फेलनी नसेल तर व्हिसाला आणि पुढे ग्रीन कार्डला खरोखरच धोका नसतो का? कबुली देण्यापूर्वी त्याने कोणाला काय विचारावे?

प्रतिसाद

मी टेक्सासमध्ये एका वकिली कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करतो. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर वकिलाला नेमके प्रश्न विचारण्यासाठी वापरावा.

पहिली गोष्ट, अदखलपात्र गुन्ह्याशी केलेली तुलना सोडून द्या. आपल्याकडचा तो भेद पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते की नाही, यावर बेतलेला आहे. तुमच्या भाच्याला तर अटक झालीच. इथला भेद मुख्यतः शिक्षेच्या कमाल मर्यादेवर उभा आहे. एक वर्षापर्यंतची कैद असेल तर सर्वसाधारणपणे मिस्डेमीनर, त्याहून अधिक असेल तर फेलनी. त्यानुसार प्रक्रियाही बदलते. टेक्सासमध्ये फेलनीसाठी ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे आरोप ठेवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, बारा जणांपैकी किमान नऊ जणांची संमती लागते आणि खटला डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतो. क्लास ए आणि क्लास बीचे खटले काउंटी न्यायालयात, सहा जणांच्या ज्युरीपुढे चालतात.

परंतु हे सगळे राज्याच्या फौजदारी कायद्यापुरते झाले. इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा आहे आणि तो राज्याने लावलेले नाव पाहत नाही. चोरी हा सामान्यतः नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानला जातो. प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत केलेल्या अशा गुन्ह्यात दोषी ठरल्यास, आणि त्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा अधिक कैद होऊ शकत असल्यास, ती व्यक्ती हद्दपारीस पात्र ठरते. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, हे इथे विचारात घेतले जात नाही. क्लास एची कमाल मर्यादा नेमकी एक वर्ष आहे, म्हणून तो या कलमात सापडतो. क्लास बीची १८० दिवस आहे, म्हणून सापडत नाही. याच कारणाने कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मिस्डेमीनरची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. टेक्सासने तसे केलेले नाही.

तेव्हा तुमच्या भाच्यासाठी खरी सीमारेषा २,५०० डॉलरची नसून ७५० ची आहे, आणि आकडा ७८० आहे. ती किंमत कशी काढली, त्यात कर धरला आहे का, सवलतीच्या दराने विकल्या जाणाऱ्या वस्तू मूळ किमतीने मोजल्या आहेत का, हे वकिलाने बारकाईने तपासावे. आरोप क्लास बीवर आणण्याची वाटाघाटी इथे पोकळ औपचारिकता ठरणार नाही.

डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनबाबत तुमची धास्ती योग्य आहे. १९९६ पासून इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या स्वतंत्र आहे : गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने कोणत्याही स्वरूपाची शिक्षा किंवा बंधन घातले, की ती दोषसिद्धी. खटला नंतर रद्द झाला तरी हा शिक्का पुसला जात नाही. अमेरिकी नागरिकासाठी हा सौदा बहुधा उत्तमच असतो, म्हणून वकील तो सवयीने सुचवतात. कबुली न देता होणारे 'प्रीट्रायल डायव्हर्जन', म्हणजे खटला चालण्यापूर्वीच काही अटी पाळून तो मिटवण्याची सोय, मिळते का, हे विचारावे. मात्र काही ठिकाणी त्याच्या करारातही लेखी कबुली असते, म्हणून तो सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाकडून वाचून घ्यावा.

आणखी एक सापळा : चोरीसाठी एक वर्षाची शिक्षा सुनावून ती पूर्णपणे स्थगित केली, तरी इमिग्रेशनच्या लेखी ती 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' (म्हणजे इमिग्रेशन कायद्यातल्या अतिगंभीर गुन्ह्यांपैकी एक) होते, गुन्हा मिस्डेमीनर असला तरीही. ३६४ दिवस सुनावले तर होत नाही.

मूळ धागाकर्तीचा प्रश्न

मनःपूर्वक आभार. सध्याचा वकील इमिग्रेशन हा आपला विषय नाही असे म्हणतो. त्याला आग्रह धरता येईल का? आणि खटला पूर्णपणे मिटला, तर पुढच्या व्हिसा अर्जात त्याचा उल्लेख करावा लागेल का?

प्रतिसाद

आग्रह जरूर धरावा. २०१० च्या 'पडिया विरुद्ध केंटकी' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का, हे अशिलाला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. त्याला लेखी विचारावे आणि इमिग्रेशन वकिलाशी बोलून मगच उत्तर द्यायला सांगावे.

व्हिसाच्या अर्जात दोषसिद्धीबरोबर अटकेबद्दलही विचारणा असते, त्यामुळे खटला रद्द झाला तरी उत्तर 'हो' असेच द्यावे लागेल. न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आताच काढून ठेवायला सांगा, कारण नोंद पुसून घेतल्यावर ती मिळवणे अवघड जाते. आणि खटला निकाली निघेपर्यंत, वकिलाला विचारल्याशिवाय, त्याने भारतात येण्याचे तिकीट काढू नये.