मदत हवी आहे: अण्णांना घेऊन दोन दिवस सोलापूरला जायचंय, कसं ठरवू?

लातूरची लेक

नमस्कार मंडळी. जानेवारीत शनिवार-रविवार सोलापूरला जायचं चाललंय. मी, हे, दोन लेकरं (एक सातवीत, एक तिसरीत), आई आणि माझे वडील म्हणजे अण्णा. आमचीच गाडी आहे, लातूर-औसा-तुळजापूर करत १२०-१२५ किलोमीटर होतंय. आजवर सोलापूरला गेलो ते दवाखान्याला नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला, फिरायला म्हणून कधीच गेलो नाही, त्यामुळं शहरात कुटं काय आहे काहीच कळंना.

जायचं कारण अण्णा. औसा तालुक्यातलं आमचं गाव, कोरडवाहू तीन एकर, म्हणून एकोणिसाव्या वर्षी मामाचं बोट धरून ते सोलापूरला गेले. आधी बदली कामगार, मग कायम झाले. एका कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, पंचवीसएक वर्षं काढली. मी त्या चाळीतच जन्मले. किल्लारीच्या भूकंपानंतर दोनएक वर्षांत गिरणी बंद पडली आणि आम्ही गाठोडं बांधून लातूरला आलो, अण्णांच्या हिशोबाचे पैसे निम्म्याच्या वर आलेच नाहीत. ते दुखणं आता उगाळत नाही.

पण माणूस अजून तिथंच आहे हो. पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला आजही उठून बसतात, घड्याळ लागत नाही. साच्यांच्या आवाजानं कान अधू झालेत, पण समोरच्याचे ओठ बघून सगळं ओळखतात, कारण खात्यात तसंच बोलायचे सगळे. परवा धाकटीच्या पतंगाचा दोरा तुटला तर अण्णांनी दोन टोकं अंगठ्याखाली एकावर एक धरली, एक वेढा, एक हिसका, झाली गाठ. चिमटीत दोरा ओढून बघितला तर गाठ हाताला लागंना. लेकरू म्हणायलंय, आबा परत करा, परत करा. त्या रात्री जेवताना स्वतःहून म्हणाले, एकदा सोलापूर बघून यावं वाटायलंय. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तर सांगा, गिरण्यांचं आता काय शिल्लक आहे, आत सोडतेत का? गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या जत्रेत, जावं का गर्दी टाळावी? अण्णांचे गुडघे दुखतेत, जास्त चालणं होत नाही. लेकरांनाही कंटाळा यायला नको. आणि आईला अस्सल चादरी घ्यायच्यात.

उमरगेकर

ताई, आम्हा उमरग्याच्या लोकांना सोलापूर म्हणजे घरचं अंगण, त्यामुळं हक्कानं सांगतो. गड्ड्याला जाच, पण तारीख बघून. मुख्य सोहळे संक्रांतीच्या मागंपुढं असतात, सिद्धेश्वराच्या योगदंडाची मिरवणूक, सात नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, संमती कट्ट्यावर त्या योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता, दुसऱ्या दिवशी होम. त्या दिवसांत अण्णांना घेऊन त्या गर्दीत घुसू नका, गाडी लावायलाच तास जातो. होम मैदानावरचे पाळणे न् दुकानं मात्र महिनाअखेरपर्यंत असतात, म्हणून संक्रांतीनंतरचा दुसरा शनिवार धरा. लेकरं पाळण्यात, तुम्ही निवांत. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे, तिथं अण्णांना बसवा संध्याकाळी. भुईकोट किल्ला शेजारीच आहे, नावाप्रमाणं सपाटीवर, चढ नाही, गुडघ्याला त्रास होणार नाही.

येताना वेळ उरला तर हैदराबाद रोडनं नळदुर्गवरून या, तिथनं तुळजापूर फाटा आहेच. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणी महाल बांधलाय, लेकरांना लई आवडतंय. फक्त नर-मादी धबधबे पावसाळ्यातच वाहतेत, जानेवारीत त्याची आशा लावू नका लेकरांना.

निलंग्याचे सर

मी जरा वेगळं सांगतो, रागावू नका. माझे चुलते पण गिरणीतलेच. आम्ही मोठ्या हौसेनं त्यांना दाखवायला नेलं, तर ज्या जागेवर खातं होतं तिथं बिल्डिंगी उभ्या. त्यांना फाटकच ओळखू येईना. परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत, घरी येऊन दोन दिवस नीट जेवले नाहीत. तुमच्या अण्णांना आधी विचारा त्यांना नेमकं काय बघायचंय, आणि तिथं काय उरलंय ते आधीच खरं सांगून ठेवा.

बाकी लेकरांसाठी हुतात्मा चौक चुकवू नका. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरच्या लोकांनी, त्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते, इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारून दिली, म्हणून शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सातवीतल्या पोराला पुतळ्यांसमोर उभं करून ही चार नावं वाचायला लावा. डॉ. कोटणीसांचं घर पण स्मारक केलंय. १९३८ ला चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले ते डॉक्टर, १९४२ ला तिकडंच वारले, ते सोलापूरचेच.

तुळजापूरची, आता पूर्व भागात

मी सासरी सोलापूरला, माहेर तुळजापूर, तेव्हा दोन्हीकडची बाजू घेते. सर म्हणायलेत ते खरं आहे. पहिली गिरणी १८७७ ची, तिला अजून सगळे जुनी मिलच म्हणतात, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली, त्यांच्याच नावानं मुरारजी पेठ. कंपाउंडचं नाव राहिलं, गिरणी गेली. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. चाळींची नावं मात्र लोकांच्या तोंडात आहेत, रिक्षावाल्याला चाळीचं नाव सांगा, बरोबर नेऊन सोडंल.

पण सोलापुरात कापड थांबलेलं नाही ताई. आमच्या पूर्व भागात या, अशोक चौक, कन्ना चौक, तिथनं अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत. पद्मशाली समाजाची वस्ती, घरात तेलुगू, बाजारात मराठी. चादरी, टॉवेल सगळं इथंच विणतेत. गल्लीतनं चालताना मागाची खटखट कानावर येत राहते. ओळखीनं आत बघू देतेत, आठवड्याच्या सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्या. मी माझ्या सासरेबुवांना सांगून ठेवते.

चादरीचं सांगते, कारण फसवणूक लई होते, बाहेरच्या गिरणीतला माल सोलापुरी म्हणून खपवतेत. चादर उलटी करून बघा. अस्सल जेकार्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची, असेल तर तीच नक्षी मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होऊन दिसते, दोन्ही बाजूंनी वापरता येते. हातात घेतली की वजन जाणवलं पाहिजे, सुताची आहे ते कळतंच. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, आहे, त्याबद्दल दुकानदाराला सरळ विचारा. साड्या-खण बघायचे तर चाटी गल्ली.

खायचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधूनच न्या, भाकरी डब्यात कितीतरी दिवस टिकते. संध्याकाळी सात रस्त्याला लेकरांच्या आवडीचं सगळं मिळतं. जानेवारी म्हणजे हुरड्याचा महिना, शहराबाहेर कुणाच्या शेतात जमलं तर सोडू नका.

धाराशिवकर

गाडीचं सांगतो. लातूरहून पहाटे निघा, तुळजापूरला दर्शन करायचं असलं तर जातानाच करा, रविवारी येताना रांग मोठी असते. सोलापूरच्या अलीकडं हिप्परग्याजवळ एकरुख तलाव लागतो, थंडीत पाहुणे पक्षी असतात, थांबून चहा घ्या. नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रोडला आहे, माळढोक आता नशिबानंच दिसतो पण काळविटं दिसतेत. दोन दिवसांत हे सगळं कोंबू मात्र नका, अण्णांना मोकळा वेळ राहू द्या. मुक्कामाला लॉज बघताना लिफ्ट आहे का ते आधी विचारा.

लातूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं वाचून रात्रभर विचार केला आणि सकाळी अण्णांसमोर बसून, ते माझे ओठ बघतील अशा बेतानं सगळं सांगितलं, की अण्णा गिरणी राहिली नाही, खातं राहिलं नाही, तिथं आता घरं झालीत. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, मला माहीत आहे गं, पेपर वाचतोय की मी. गिरणी बघायला कोण चाललंय? माग चालू आहेत का ते बघायचंय.

म्हणून असं ठरवलंय. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे निघायचं, तुळजापूर करून दुपारपर्यंत पूर्व भागात, संध्याकाळी तळं आणि होम मैदान. रविवारी सकाळी हुतात्मा चौक, कोटणीस स्मारक, मग चादरी, आणि नळदुर्गवरून घरी. नान्नज पुढच्या वेळेला. तुळजापूरच्या ताई, शनिवारी माग चालू असतेत का तेवढं सासरेबुवांना विचारून सांगा, नाहीतर दोन्ही दिवसांची अदलाबदल करते. चाळीचं नाव तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, तिथं जुनं कुणी राहतंय का ते कळलं तर बरं होईल, आमच्या शेजारी तेलुगू कुटुंब होतं, आई नसली की मी त्यांच्याकडंच जेवायचे.

अण्णांनी कालपासून लेकरांना तेलुगू शिकवायला घेतलंय. साच्यावर जोडीदार तेलुगू होता म्हणे. आत्ता हे लिहायलेय तर आतून धाकटीचा आवाज यायलाय, एमय्या, बागुन्नावा? (काय हो, बरे आहात का?) आणि अण्णा म्हणायलेत, ओठ नीट हलव, मला दिसंना.