पुस्तक-परिचयाच्या वहीऐवजी काय करून घ्यावे?

प्रश्न : आठवीची मराठी शिक्षिका
आमच्या शाळेत १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी प्रत्येकाने एका पुस्तकाचा परिचय लिहून आणायचा, असा प्रघात आहे. यंदाच्या बेचाळीस वह्यांपैकी बहुतेकींत मलपृष्ठावरचा मजकूर आणि शेवटी ‘हे पुस्तक मला फार आवडले’ एवढेच होते. ज्या मुलाने पुस्तक मन लावून वाचल्याचे मला त्याच्या बोलण्यातून ठाऊक होते, त्याच्याही वहीत तेच होते, याचे मला अधिक वाईट वाटले. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्गात शिकवता शिकवता सतत होणाऱ्या मूल्यमापनात, नोंदवता येईल असा दुसरा मार्ग कोणी वापरला आहे का?

उत्तर : माध्यमिक शिक्षक, सांगली जिल्हा
ताई, मी वही बंद करून नकाशा काढून घेतो. आमची शाळा माणदेशात असल्याने मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही इथल्याच मेंढपाळ धनगरांच्या गावावरची कादंबरी निवडली. पाच-पाच मुलांच्या गटाने शाळा, कारभाऱ्याचे घर, तालीम अशी ठिकाणे कागदावर मांडायची आणि प्रत्येक ठिकाणाशेजारी आधाराचा पृष्ठक्रमांक लिहायचा. लेखकाने गावाचे वर्णन एका जागी करून ठेवलेले नसल्यामुळे मुलांना पुन्हा पुन्हा मागची पाने उलटावी लागतात, आणि माझा सारा भर त्या उलटण्यावरच आहे. तालीम कुठे दाखवावी यावरून दोन गटांत वाद झाला, तेव्हा दोघांनीही पुस्तकातली वाक्ये वाचून दाखवली. नंतर दुष्काळ पडल्यावरचा दुसरा नकाशा काढायला सांगितला. मेंढरे घेऊन दरवर्षी बाहेर पडणाऱ्या घरातली एक मुलगी एरवी वर्गात गप्प असे; गाव रिकामे कसे होत जाते, हे त्या दिवशी तिने सगळ्यांना समजावून सांगितले.

उत्तर : शालेय ग्रंथपाल
आमच्याकडे वाचणारा विद्यार्थी पुढच्या वाचकाला चार ओळींचे पत्र लिहितो आणि ते पुस्तकाच्या शेवटी, परतीच्या तारखांच्या कागदाजवळ चिकटवले जाते. शेवट सांगायचा नाही, एवढा एकच नियम आहे.

उत्तर : प्राथमिक मुख्याध्यापिका
नोंदीची काळजी करू नका. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचे ४० गुण असतात आणि त्याच्या साधनांत ‘तोंडी काम’ व ‘उपक्रम/कृती’ आहेतच. मात्र नवे मुखपृष्ठ किंवा थर्माकोलची प्रतिकृती घरून करून आणायला सांगू नका, कारण ती बहुधा पालकच करतात. त्यापेक्षा एका मुलाने पुस्तकातले पात्र होऊन वर्गासमोर बसावे आणि इतरांनी त्याला ‘तू असे का वागलास?’ असे विचारावे. पुस्तक न वाचता या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि चांगला प्रश्न विचारणाऱ्यालाही मी गुण देते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आमच्या ग्रंथालयात एकेका पुस्तकाच्या दोनच प्रती असल्याने, रोज दहा मिनिटे मीच मोठ्याने वाचून दाखवावे असे ठरवते आहे. सर, नकाशा पुस्तक संपल्यावर काढून घेता की वाचन चालू असतानाच?

सांगलीचे शिक्षक
वाचन चालू असतानाच, आणि पेन्सिलीने. पुढचा भाग वाचला की आधी काढलेले बरेचसे खोडावे लागते. एक प्रत मात्र दिवसभर वर्गातच ठेवा, म्हणजे पृष्ठक्रमांक शोधायला मुलांना थांबावे लागणार नाही.