बाथरूमला आतून कडी नसलेली घरं: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
काल गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये सुतार विचारत होता, "ताई, बाथरूमची आतली कडी किती उंचीला लावू?" मला सांगताच येईना. पंचवटीच्या घरी आतून कडी नव्हतीच. काकांना स्किझोफ्रेनिया. एकदा ते तीन तास कोंडून बसले, त्या रात्री बाबांनी पक्कड घेऊन घरातल्या सगळ्या कड्या उचकटल्या. पुढे बारा वर्षं आम्ही बहिणी अंघोळ करताना मोठमोठ्यानं पाढे म्हणायचो, आत कुणी आहे हे कळावं म्हणून. शेजारी म्हणायचे, काय अभ्यासू मुली! स्क्रूची चार भोकं राहिली होती, त्यात आजी साबणाचा तुकडा दाबून बसवायची.
तुमच्याकडे काय होतं?

सिडको_४
पाढे! हाहा. आमच्याकडे सुरी तांदळाच्या डब्यात. दादा सहा वर्षं व्यवस्थित आहे, सातपूरला कामाला जातो. तरी आईची सुरी अजून तांदळातच.

नंदिनी
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. तुळस का जळते कळेना. कुंडी बदलायला काढली तर मातीत सासूबाईंच्या गोळ्या, दोन-तीन महिन्यांच्या तरी. जिभेखाली धरायच्या आणि पाणी घालायला गेल्या की थुंकायच्या. डॉक्टरांनी मग महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. रोजची वादावादी संपली.

त्र्यंबकरोड
आत्याचं नारायण नागबळी दोनदा झालं. लोक कुठून कुठून येतात, आम्ही तर रिक्षानं. पूजेला माझा विरोध नाही, पण त्या नादात गोळ्या बंद केल्या आणि वर्ष गेलं.

नंदिनी
@त्र्यंबकरोड वर्षच ना? आमची चार.

पेठरोडकर
२०१५च्या सिंहस्थात भाऊ हरवला. ऐन पर्वणीची गर्दी, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर, पाय ठेवायला जागा नाही. आई भोंग्यावरून नाव पुकारून दमली. तिसऱ्या दिवशी साधुग्रामात पंगतीत सापडला, पुऱ्या खात. मला म्हणतो, बस की, वाढतायत. मी बसलो पण. तीन दिवसांत पहिल्यांदा जेवलो.
त्याला क्लोझापीनची गोळी नंतर लागली. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त, पांढऱ्या पेशी कमी होतात का बघायला. सोमवार म्हणजे लॅब, आणि तिथून मिसळ. त्या मिसळीसाठीच यायचा.

सिडको_४
कुठली मिसळ? काळ्या रश्श्याची असेल तर उद्या जाते.

अबोली७
कधी कुठे लिहिलं नाही. बहिणीला बायपोलर. मला बघायला आले की तिला मावशीकडे नाशिकरोडला पाठवायचे. तिसऱ्या वेळी ती स्वतःच पिशवी भरून दारात उभी, "आज पण पाहुणे?" मी स्थळं बघणंच बंद केलं. आईला वाटतं मला कुणी पसंत पडत नाही.

गोदाकाठची
अबोली, खाजगीत निरोप टाकलाय, बघ.

पेठरोडकर
कुणी काढलं नसेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे, ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी आम्ही सिव्हिलला केली. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात. पेशंटसाठीच आहे असं नाही, मी स्वतःसाठी केला होता.

त्र्यंबकरोड
आत्या आता एकसष्टची. बाबा गेले, आई थकली. पुढचा नंबर माझा, आणि बायकोला मी हे अजून नीट सांगितलेलं नाही. नीट म्हणजे, सांगितलेलंच नाही.

नंदिनी
सांगा हो. तिला कळलेलं असतं.

सिडको_४
गोदाकाठची, सुतार दिवसावर घेतो की कामावर? आमच्या किचनची ट्रॉली निघालीये.

गोदाकाठची
कामावर. कडी अजून राहिलीच आहे, आधी बेसिनखालचं कपाट घेतलंय त्यानं. नंबर पाठवते.