सुरूच्या बनात उघडा होणारा माणूस: तक्रार कशी लिहावी?

प्रश्न: दापोलीकडच्या किनाऱ्यावर एकजण बायका दिसल्या की पँट उघडतो. घरचे म्हणतात, "वेडो असेल, सोड गो." पोलीस विचारतात, हात लावला का? गुन्हा होतो का?

उत्तर १: होतो. स्पर्श लागतच नाही. भारतीय न्याय संहिता, कलम ७९ (बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेली कृती): ३ वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा. नुसतं कलम २९६ (सार्वजनिक जागी अश्लील कृत्य) लावलं तर ३ महिन्यांवर भागतं. म्हणून "माझ्याकडे बघत, मला दिसावं असं" हे अर्जात हवंच.

उत्तर २: आणि 'घाणेरडे वर्तन' लिहू नका, तिथेच अर्ज ढिला पडतो. लाज बाजूला ठेवून अवयवाचं नाव, अंतर, वेळ, गाडीचा नंबर लिहा. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा. एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) बोळवण नको. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) रजिस्टर टपाल, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४).

उत्तर ३: रेल्वेत असेल तर हेल्पलाइन १३९ वर फोन करा.