मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याची पहिलीच टाकी, क्लाउनफिश आणि ॲनिमोन

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं गोड्या पाण्याची टाकी सांभाळल्यावर अंगात थोडी मस्ती आली आणि खाऱ्या पाण्यात उडी घेतली. क्लाउनफिश (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा) आणि तो ज्याच्या आसऱ्याला राहतो तो ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पाळायचाय. आता गटांगळ्या खातेय. जाणकारांनी हात द्यावा.

मी पुण्यात राहते. टाकी ३ × दीड × दीड फूट, दगड-वाळू धरून पाणी साधारण १६० लिटर. ड्राय रॉक (कोरडे समुद्री दगड), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पाणी खेळवणारे दोन वेव्हमेकर, बऱ्यापैकी एलईडी. मीठ बाजारात मिळणारं मरीन सॉल्ट. टाकी भरून आज १८ दिवस झाले. पहिल्या दिवशी जुन्या मोज्यात दोन कोळंब्या बांधून सोडल्या होत्या, म्हणजे त्या कुजून अमोनिया होईल आणि त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढतील. (घरात जो वास सुटला त्यावरून नवऱ्याने चार दिवस अबोला धरला, ते वेगळं.)

आजची टेस्ट: अमोनिया ०.२५, नायट्राइट २, नायट्रेट १० ते २०च्या मधे, रंग नीट कळत नाही. तापमान २८.

दुकानदार म्हणतो, "पंधरा दिवस झाले ना मॅडम? मग क्लाउनफिशची जोडी आणि ॲनिमोन एकत्रच न्या, त्यांना एकमेकांशिवाय करमत नाही." लेकीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे मोह होतोय. पण नायट्राइट बघून हात मागे घेतला.

प्रश्न असे:

१. मासे कधी आणि ॲनिमोन कधी? दोन्ही एकदम आणावेच लागतात का?

२. सुरुवातीला पाण्याची घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत, मीठ किती ते यावरून कळतं) १.०२५ होती, आता १.०२८ दाखवतेय. मध्यंतरी पाणी ३१ अंशांवर गेलं म्हणून गेले दहा दिवस टाकीवर पंखा लावलाय. त्याने रोज दोनेक लिटर पाणी उडतं. तेवढंच मीठ कालवलेलं पाणी मी रोज घालते, तरी असं का? स्वयंपाकघरातल्या आरओचंच पाणी वापरते, म्हणजे तिथे काही चुकत नसावं.

३. सासर मालवणचं. सासूबाई म्हणतात, "अगो, समुद्र दारात आसा, पाणी इकत कित्याक घेतंस?" मे महिन्यात जाणारच आहोत. चार-सहा कॅन भरून आणले तर? सासऱ्यांच्या शोकेसमध्ये जुने पोवळ्याचे तुकडेही आहेत, ते दगडांसोबत टाकीत चालतील का?

आगाऊ धन्यवाद.

*प्रतिसाद:*

आधी दुसरा प्रश्न, कारण गोम तिथे आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. वर तुम्ही रोज आणखी मीठ घालताय. दोन लिटर गुणिले दहा दिवस, लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरा: सातशे ग्रॅमच्या आसपास जादा मीठ टाकीत गेलं. म्हणजे १.०२८ चा हिशोब अगदी जुळतो. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी बिनमिठाचं पाणी घालायचं. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. ही चूक आम्ही सगळ्यांनी केलीय, वाईट वाटून घेऊ नका.

अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, त्यामुळे दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे नाहीत. वाढदिवसाला लेकीला टेस्ट किटचे रंग दाखवा.

ॲनिमोनला मात्र किमान सहा महिने थांबा. मासा चुका थोड्याफार सोसतो, ॲनिमोन नाही. मेला तर रातोरात सगळं पाणी नासवतो. आणि करमण्याचं म्हणाल तर समुद्रात क्लाउनफिशला शत्रूपासून आसरा लागतो म्हणून तो ॲनिमोन धरतो. टाकीत त्याला खाणारं कोणी नसतं, त्यामुळे जोडी ॲनिमोनशिवाय वर्षानुवर्षं मजेत जगते. हॅचरीतले (पैदास केंद्रात वाढवलेले) मासे घ्या, एक मोठा एक लहान. सगळे जन्मतः नर असतात, त्यातला वरचढ पुढे मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतलेत तर आधी मारामारी बघावी लागेल.

पुढे ॲनिमोन घ्याल तेव्हा बबल टिप जातीचा घ्या आणि वेव्हमेकरवर जाळी बसवा. तो पायावर सरकत टाकीभर फिरतो आणि वेव्हमेकरच्या पात्यात सापडला तर त्याचा कीस होतो.

*प्रतिसाद:*

वरच्यांशी सहमत. पण एक विचारायचं राहिलं. तुमचा स्वयंपाकघरातला आरओ 'कॉपर'वाला तर नाही ना? आणि त्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) किती?

*धागाकर्ती:*

टीडीएस ७०. आणि हो, कॉपरवालाच आहे. सासूबाईंच्याच आग्रहाने घेतलेला, तांब्याचं पाणी तब्येतीला चांगलं म्हणून. का?

*प्रतिसाद:*

तब्येत माणसाची. तांबं ॲनिमोन, शिंपले, कोळंबी यांना अगदी थोडंसुद्धा विष असतं, आणि ते दगड-वाळूत मुरून बसतं. शिवाय ७० टीडीएस म्हणजे मशीन चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतंय. आपल्याला शून्य लागतं, म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा.

आत्ता मासे नाहीत हे नशीब समजा. सगळं पाणी काढा आणि शून्य टीडीएसच्या पाण्यात मीठ कालवून नव्याने भरा, १.०२५ वर. वाढलेल्या मिठाचाही निकाल त्यातच लागेल. जिवाणू दगडांवर असतात, पाण्यात फारसे नाहीत, त्यामुळे १८ दिवस वाया जाणार नाहीत. दगड तेवढे ओले ठेवा. नंतर तांब्याची टेस्ट करा, काही आठवडे तांबं शोषणारं फिल्टर मीडिया ठेवा.

मालवणच्या पाण्याचं: किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ, बोटींचं डिझेल, नको ते जीव, आणि पावसाळ्यात खारटपणा कोसळतो. मोह सोडा. पोवळ्याचे तुकडे तर अजिबात नको. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. खडकांतल्या डबक्यातले ॲनिमोनही उचलून आणू नका. मालवणला सागरी अभयारण्य आहे.

*धागाकर्ती:*

बापरे. दोन तास डोकं धरून बसले होते. वाढदिवस केकवर भागवते. डीआयच्या डब्याची चौकशी केली, आरओच्या तांब्याच्या काडतुसाच्या आधीच पाईप फोडून जोडता येतो म्हणाले.

एक शेवटचा प्रश्न: हे १६० लिटर खारं पाणी ओतू कुठे? खाली सोसायटीची बाग आहे.

*प्रतिसाद:*

बागेत नको, झाडं जळतील आणि सेक्रेटरी तुम्हाला जाळेल. बाथरूमच्या मोरीत, सोबत साध्या पाण्याचा नळ सोडून.