मदत हवी आहे : १९८५ ची मारुती ८०० (एसएस८०), कार्बोरेटर आणि तळाचा पत्रा

सस्नेह नमस्कार. रत्नागिरीत आमच्याकडे १९८५ सालची मारुती ८०० आहे. जपानच्या सुझुकी फ्रॉन्टेवर बेतलेले आणि १९८३ च्या अखेरीस भारतात आलेले हे पहिले मॉडेल (एसएस८०) मला मूळ रूपातच जपायचे आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन गरम झाल्यावर उत्तम चालते, मात्र सकाळी चोक ओढूनही ते लवकर सुरू होत नाही आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खाते. कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) कडक होऊन कडेने चिरलेला आढळला. सध्याच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये टिकेल असा डायफ्रॅम आणि इंधनाचे रबरी पाइप कोठे मिळतील? १९८६ नंतरच्या मॉडेलचे दुरुस्ती किट या कार्बोरेटरला बसते का, हे ज्यांनी स्वतः बसवून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

दुसरी अडचण गंजाची आहे. चालकाच्या सीटखालचा पत्रा खाऱ्या हवेने इतका सडला आहे की मॅट उचलली की त्याचे पापुद्रे हाती येतात. फायबर लावून वरून अंडरकोटिंग (तळाला लावायचा संरक्षक लेप) मारावे, असा सल्ला मिळाला. परंतु त्याने गंज आतल्या आत वाढतच राहील, म्हणून सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणेच मला योग्य वाटते. कोल्हापूर किंवा पुणे परिसरात असे काम मन लावून करणारा डेंटर कोणाच्या माहितीत आहे का? व्हिंटेज नोंदणीला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे आम्हाला नेहमीच्याच फिटनेस तपासणीतून जायचे आहे. अंदाजे खर्चही कळवावा.