मदत हवी आहे: पगार, कडक भाकरीचा धंदा आणि विम्याचं कमिशन, सगळ्याचा मिळून टॅक्स कसा काढायचा? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी.

पाचव्यांदा हिशोब मांडला आणि पाचव्यांदा वेगळा आकडा आला, म्हणून इथं विचारतोय. १५ मार्च तोंडावर आलाय. ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आतच भरायचा टॅक्स) लागत असेल तर त्याआधी भरायला हवा, आणि किती भरायचा तेच कळेना झालंय. सगळे आकडे २०२५-२६ चे आहेत, मार्चअखेरचा अंदाज धरून.

नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. पगार महिन्याला ५८,०००, वर्षाचे ६,९६,०००. कारखान्यात टीडीएस (देणाऱ्यानंच आधी कापून भरायचा टॅक्स) कापत नाहीत, कारण नुसत्या पगारावर नव्या पद्धतीत टॅक्स बसत नाही.

घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा आहे. आईनं सुरू केला, आता आई आणि बायको दोघी बघतात, हाताखाली तीन बायका येतात. मी कामावर जायच्या आधी पार्सलं बांधतो आणि रात्री वही लिहितो. क्यूआर कोड, बँक खातं, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी सगळं माझ्या नावावर. विक्री ११,४०,०००. त्यातले ८,९०,००० खात्यात आले, २,५०,००० रोख. रोखीतला मोठा भाग गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलचा. शेंगदाणे, मिरची, लसूण, तेल, गॅस, मजुरी, पॅकिंग, कुरिअर मिळून ६,८४,००० गेले. शिवाय जूनमध्ये चटणी कांडायचं मशीन घेतलं, ४०,००० चं. ज्वारी मात्र घरची. मंगळवेढा तालुक्यात माझ्या नावावर चार एकर आहे, तिथली मालदांडी येते.

तिसरं म्हणजे विम्याची एजन्सी. कमिशन १,८६,०००, त्यातून ३,७२० टीडीएस कापलाय. पेट्रोल आणि फोनला २६,००० धरा. मुदत ठेवीचं व्याज १८,०००.

मेहुणे म्हणतात पगाराचा फॉर्म भरा आणि मोकळे व्हा, बाकीचं कोण बघतंय. गेल्या वर्षी मी तसंच केलं आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. बायकोला भाकरीचं मोठं मशीन घ्यायचंय, बँकेनं रिटर्न मागितलेत. पहाटे साडेचारला तवा तापवणाऱ्या बाईचा धंदा कागदावर दिसतच नाही, हे मला आता चालणार नाही. खरा आकडा दाखवायचाय, फक्त तो काढायचा कसा ते सांगा.

अजून एक. रोखीची विक्री बायको ओट्याशेजारच्या कॅलेंडरवर लिहिते, त्या त्या तारखेच्या चौकटीत. ‘४० भा., पाव किलो च., ३६०’ असं. काही चौकटींवर चटणीचं तेल सांडून आकडे पुसट झालेत. असली नोंद चालते का?

चाटीगल्ली

दादा, एवढा विचार करू नका. कलम ४४एडी बघा. दोन कोटींच्या आतला धंदा असेल तर हिशोबाच्या वह्या लागत नाहीत. खात्यात आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. तुमचे ५३,४०० अधिक २०,०००, म्हणजे ७३,४००. कमिशनवरही तसंच लावा, आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरा, टॅक्स शून्य. माझ्या चादरीच्या दुकानाचं मी असंच करतो.

हिशोबनीस

चाटीगल्ली, तुमच्या दुकानाला ते लागू आहे, यांना नाही. बावीस वर्षं कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करतोय आणि ही चूक दर हंगामात बघतो. ४४एडीच्या पोटकलम ६ मध्ये लिहिलंय की कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला हे कलम लागू नाही. नीट वाचा, ‘व्यक्तीला’ म्हटलंय. म्हणजे नुसतं कमिशन बाजूला ठेवून भाकरीला ६ टक्के लावायचे, असंही करता येत नाही. विम्याची एजन्सी घेतली त्या दिवशी तो दरवाजा बंद झाला.

आणि दरवाजा उघडा असता तरी ६ टक्के हा कमीत कमी आकडा आहे. खरा नफा त्याहून जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा. साडेचार लाख मिळवून ७३ हजार लिहिले तर उद्या बँक विचारेल, हप्ता कशातून फेडणार?

जुळेसोलापूरकर, तुमचा फॉर्म आयटीआर-३. आकडे असे:

पगार ६,९६,००० मधून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, राहिले ६,२१,०००. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा व्यवसाय कर कापला जातो, त्याची वजावट नव्या पद्धतीत नाही. भाकरी-चटणी ११,४०,००० वजा ६,८४,०००, म्हणजे ४,५६,०००. मशीनचा पूर्ण खर्च एका वर्षात टाकू नका, १५ टक्के घसारा (झिजेपोटीची वजावट), ६,०००. राहिले ४,५०,०००. कमिशन खर्च जाता १,६०,०००. व्याज १८,०००. एकूण १२,४९,०००.

नव्या पद्धतीत पहिले ४ लाख मोकळे, ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, पुढे १६ लाखांपर्यंत १५ टक्के. २०,००० अधिक ४०,००० अधिक ७,३५०, एकूण ६७,३५०. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्यामुळे ८७ए ची ६०,००० ची सवलत गेली. पण मार्जिनल रिलीफ आहे, १२ लाखांवर जेवढं उत्पन्न त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत. म्हणून ४९,०००. त्यावर ४ टक्के सेस १,९६०. भरायचे ५०,९६०, कापलेले ३,७२० वजा करून ४७,२४०.

दहा हजारांच्या वर असल्यानं ॲडव्हान्स टॅक्स लागतो. ४४एडीवाल्यांना एकच हप्ता १५ मार्चला असतो, तुम्हाला जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार होते. तीन चुकले, त्याचं व्याज बसेल. चौथा चुकवू नका.

जुन्या पद्धतीचा मोह नको. पीएफ आणि विमा मिळून दीड लाख वजा केले तरी टॅक्स सव्वा लाखाच्या पुढे जातो. शिवाय धंद्याचं उत्पन्न असलेल्यानं १०-आयईए फॉर्म भरून नवी पद्धत सोडली, तर परत यायची संधी एकदाच मिळते.

जुळेसोलापूरकर

पन्नास हजार! खरं सांगतो, पोटात गोळा आला. पण बरोबर असेल तर भरणार. एवढी रक्कम पंधरवड्यात कशी उभी करायची ते बघतो.

मंगळवेढेकर

थांबा जरा. सगळ्यांनी सगळं मोजलं, ज्वारी कुणी मोजली नाही. दादा, वर्षात किती क्विंटल दळली? विकली असती तर काय भाव आला असता?

जुळेसोलापूरकर

२० क्विंटल. शेजारच्या शेतकऱ्यानं त्याच काळात बाजार समितीत घातलेल्या मालाच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) माझ्याकडे आहेत, सरासरी ३,५०० पडते. पण घरचीच ना ती. पैसे कुणाला दिले नाहीत, मग खर्च कसा दाखवणार?

मंगळवेढेकर

पैसे दिले नाहीत, पण शेतकरी म्हणून तुम्ही ती धंद्याला दिली. आमच्याकडं डाळिंबाचा रस काढणाऱ्या पाहुण्यांच्या वेळी हेच निघालं होतं. हिशोबनीस, नियम ७ लागेल ना इथं?

हिशोबनीस

लागेल, आणि माझ्याकडून सुटलं. मंगळवेढेकरांचे आभार.

आयकर नियमावलीतला नियम ७ असा आहे: स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्याच धंद्यात कच्चा माल म्हणून वापरला, तर त्याचा बाजारभाव धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. बाजारात विकला जाणारा माल असेल तर त्या वर्षीचा सरासरी भाव धरायचा. मात्र नांगरट, बी, काढणी हा शेतीचा खर्च धंद्यात पुन्हा टाकता येत नाही. तो शेतीच्या बाजूला. त्या बाजूचा खर्च किती?

जुळेसोलापूरकर

पेरणीपासून मळणीपर्यंत २६,०००.

हिशोबनीस

मग नव्यानं मांडू.

ज्वारी २० क्विंटल गुणिले ३,५००, म्हणजे ७०,०००. धंद्याचा नफा ४,५०,००० वरून ३,८०,००० वर आला. एकूण उत्पन्न ११,७९,०००, बारा लाखांच्या आत.

शेतीचं निव्वळ उत्पन्न ७०,००० वजा २६,०००, म्हणजे ४४,०००. हे करमुक्त आहे, पण ५,००० च्या वर असल्यानं दर ठरवताना मोजायचं. रीत अशी: आधी ११,७९,००० मध्ये ४४,००० मिळवा, १२,२३,००० वर टॅक्स येतो ६३,४५०. मग मोकळ्या ४ लाखांत ४४,००० मिळवा, ४,४४,००० वर येतो २,२००. पहिल्यातून दुसरा वजा, ६१,२५०. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे म्हणून ८७ए मिळतं, पण ते जास्तीत जास्त ६०,०००. राहिले १,२५०, सेस ५०. एकूण टॅक्स १,३००. कमिशनमधून ३,७२० आधीच कापलेत, म्हणजे २,४२० परत मिळतील.

१५ मार्चला काही भरायचं नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तुम्ही बारा लाखांच्या फक्त २१,००० अलीकडे आहात, आणि मार्चची विक्री अजून व्हायची आहे. बारा लाख ओलांडल्यावर सुरुवातीच्या साधारण सत्तर हजारांपर्यंत जवळजवळ प्रत्येक जादा रुपया टॅक्समध्ये जातो. म्हणून काही जण मार्चची विक्री एप्रिलमध्ये लिहितात. ते करू नका. आकडा ओलांडला तर महिना संपायच्या आत ॲडव्हान्स टॅक्स भरून टाका. दुसरं, हा सगळा फरक ज्वारीच्या भावावर उभा आहे, तेव्हा त्या पट्ट्यांच्या प्रती, सातबारा, पीक पाहणीची नोंद आणि गिरणीच्या पावत्या एका फाईलीत ठेवा. सध्या शेतात काढणी चालू असेल, तो माल ३१ मार्चनंतर दळणार असाल तर पुढच्या वर्षात येईल. यंदा मोजू नका.

कॅलेंडरचं विचारलंत. धंद्याचा नफा अडीच लाखांच्या वर आहे, तेव्हा वह्या ठेवणं बंधनकारक आहे. ऑडिट लागत नाही. कॅलेंडर टाकून देऊ नका, तीच तुमची मूळ नोंद आहे. दर महिन्याचा फोटो काढा आणि रोज रात्री तेच आकडे रोजकीर्दीत उतरवा. पुसट झालेल्या चौकटी वहिनींना आत्ताच विचारून भरा, वर्षानं त्यांनाही आठवणार नाही.

बाळीवेस

दादा, माझा लोणच्या-चटणीचा धंदा आहे म्हणून विचारते. हैदराबाद, कलबुर्गीला पार्सल पाठवता का? आपल्या सोलापुरात निम्म्यांचे नातेवाईक तिकडं असतात. मी दोन वर्षं पाठवत राहिले. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरं, पण ते राज्यातल्या राज्यात. राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. मला ते नोटीस आल्यावर कळलं. गिऱ्हाईक स्वतः येऊन सोलापुरातून घेऊन गेलं तर ती इथलीच विक्री.

जुळेसोलापूरकर

ताई, पाठवतो. वहीत बघितलं, यंदा हैदराबादला साधारण ६०,००० चा माल गेलाय. हे डोक्यातच नव्हतं. सोमवारी नोंदणीचं बघतो, तोवर तिकडची पार्सलं थांबवली.

हिशोबनीस साहेब, अजून दोन शंका. निम्मा नफा बायकोच्या नावावर दाखवता येईल का? कष्ट तिचेच आहेत. आणि गेल्या वर्षीच्या अर्धवट फॉर्मचं काय करू?

हिशोबनीस

वर्ष संपताना कागदावर वाटणी करता येत नाही. खातं तुमचं, नोंदणी तुमची, विक्री तुमच्या नावावर, मग नफाही तुमचाच. एप्रिलपासून धंदा खरोखर वहिनींच्या नावावर करा. त्यांचं पॅन, त्यांचं चालू खातं, त्यांचा क्यूआर, त्यांची एफएसएसएआय आणि जीएसटी नोंदणी. भांडवल तुम्ही बक्षीस म्हणून दिलं तर त्यावरचा नफा फिरून तुमच्याच उत्पन्नात धरतात, म्हणून व्याजासकट उसने द्या आणि तसा साधा कागद करा. त्यांच्या नावावर कमिशन नाही, तेव्हा ४४एडीसारखा टक्केवारीनं नफा धरायचा दरवाजा त्यांना उघडा आहे. ज्वारी मात्र मग तुम्ही त्यांना विकायची, पट्टी करून, पैसे खात्यातून घेऊन. बँकेत कर्जही त्यांच्याच नावानं मागता येईल.

गेल्या वर्षीसाठी अपडेटेड रिटर्न आहे, आयटीआर-यू. २०२४-२५ चं ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर राहिलेला टॅक्स आणि व्याज, अधिक त्या दोन्हींच्या २५ टक्के जादा. त्यानंतर हेच ५० टक्के होतं. तेव्हा सवलतीची मर्यादा ७ लाखांची होती, त्यामुळे टॅक्स निघेल असं वाटतं. कमिशन २६एएस मध्ये (कापलेल्या टीडीएसच्या सरकारी पत्रकात) दिसतंच, त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही भरा. गेल्या वर्षीची ज्वारी मोजायला विसरू नका.

जुळेसोलापूरकर

साहेब, मंगळवेढेकर, बाळीवेस ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. चाटीगल्ली, तुम्ही सुरुवात करून दिली म्हणून विषय निघाला.

बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती ज्वारीच्या ७०,००० वर थांबली, म्हणाली, परत वाचा. मग उठून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून आणलं, माळ्यावर ठेवलं होतं. आता दोघं मिळून एप्रिलपासून एकेक चौकट वहीत उतरवतोय. गेल्या वर्षीच्या ज्वारीचे भाव शेजाऱ्यांकडं मागितलेत. ते मिळाले की आयटीआर-यूचे आकडे इथं टाकतो, एकदा नजर टाका.